अंगठा कायले पाह्यजे?

स्टॉक फोटोंच्या साइटवर फोटो टाकणाऱ्या माणसाला जेवढे नकार पचवावे लागतात, तेवढे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातल्या उपवर मुलालाही पचवावे लागत नसतील. आणि तिथे निदान पोहे तरी मिळतात.

ज्यांना या धंद्याची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुमच्या कंपनीच्या प्रेझेंटेशनमध्ये हस्तांदोलन करणारे ते दोन सूटवाले, हेडफोन लावून हसणारी कॉल सेंटरवाली, बँकेच्या माहितीपत्रकावरचा 'आनंदी शेतकरी'.. ही मंडळी त्या कंपनीत किंवा बँकेत बहुधा कधी गेलेलीच नसतात. ते फोटो स्टॉक साइटवरून विकत घेतलेले असतात. 2000 साली कॅनडातल्या कॅल्गरीत आयस्टॉकफोटो सुरू झाली. 2003 मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन ओरिंजरने स्वतःच काढलेले तीसेक हजार फोटो टाकून शटरस्टॉक काढली. तेव्हापासून बरा कॅमेरा असलेल्या कुठल्याही हौशी माणसाला आपले फोटो जगभर विकता येऊ लागले. फोटो एकदा टाकायचा, तो कितीही जणांना कितीही वेळा विकला जातो, दर वेळी आपल्या खात्यात काही सेंट जमा. आपल्यासारख्या 'एकदा लिहा, सगळीकडे चालवा' ऐकत वाढलेल्या जमातीला ही कल्पना आवडली नसती तरच नवल.

पण मधे रिव्ह्यूअर नावाचा प्राणी बसलेला असतो. त्याला मी कधी पाहिलेलं नाही, तो कुठल्या देशात बसतो तेही ठाऊक नाही (आता निम्मं काम मशीन करत असावं), पण त्याचे शेरे मला पाठ आहेत. नॉइज आहे. फोकस हवा तिथे नाही. सारखाच फोटो आधी टाकलाय. पूर्वी 'मर्यादित व्यावसायिक मूल्य' असाही एक शेरा यायचा, म्हणजे फोटो चांगला आहे हो, पण घेणार कोण? कोड रिव्ह्यूची सवय असल्यामुळे मी यातलं फारसं मनाला लावून घेत नाही. शिवी कोडला असते, आपल्याला नसते, हे आपण पहिल्या नोकरीत शिकतो.

माझे बरेचसे फोटो यवतमाळ जिल्ह्यातले, आणि त्यातलेही बहुतेक कपाशीचे. गाव तिकडचं, दिवाळीची सुट्टी तिकडे, आणि नेमकी तेव्हाच वेचणी जोरात असते. कापूस हा फोटो काढायला अत्यंत नाठाळ विषय आहे. कापूस पांढराशुभ्र, जमीन काळी, वर विदर्भाचं ऊन. कापसाकडे बघून एक्स्पोजर लावलं की वेचणाऱ्या बाईचा चेहरा काळाठिक्कर, चेहऱ्याकडे बघून लावलं की कापसाच्या जागी नुसते पांढरे डाग. हे जमवलंत तर पुढे लोगो. आमच्याकडे शेतात लोगो नसलेली वस्तू शोधून दाखवा. डोक्यावर बियाणं कंपनीची फुकट मिळालेली टोपी, अंगात औषध कंपनीचा टी-शर्ट, पाठीवरच्या फवारणीच्या पंपावर नाव, पावसात डोक्यावर घ्यायला खताचं पोतं, त्यावर तर मोठ्ठं नाव. ट्रेडमार्क दिसला की फोटो परत. मग रात्री बसून त्या टोपीवरचं नाव क्लोन टूलने पुसायचं. एका फोटोतल्या सात टोप्या मी अशा 'स्वच्छ' केल्या आहेत. असो.

हे सगळे नकार मला मान्य आहेत. चरफडत का होईना, पण मान्य. या लेखात मला बोलायचंय ते एका वेगळ्या नकाराबद्दल, ज्याला आम्ही फोटो टाकणारे सगळ्यात जास्त शिव्या घालतो: 'मॉडेल रिलीज नाही'.

मॉडेल रिलीज म्हणजे फोटोतल्या माणसाने सही करून दिलेला कागद. नाव, पत्ता, जन्मतारीख, सही, साक्षीदाराची सही. अठराच्या आतलं मूल असेल तर पालकाची. फोटोत ओळखू येणारा माणूस असेल आणि फोटो जाहिरातीसाठी विकायचा असेल तर हा कागद लागतोच. कागद नसेल तर फोटो 'एडिटोरियल' म्हणून टाकायचा. मग तो बातमीत, लेखात, पाठ्यपुस्तकात चालतो. साबण विकायला चालत नाही. एडिटोरियलला मथळाही ठरलेल्या साच्यात लागतो: शहर, देश, तारीख, आणि फोटोत काय आहे ते, विशेषणं न लावता.

आमच्या लोकांची तक्रार अशी की इंडियात कोण सही देतं राव? रस्त्यावर, जत्रेत, शेतात फोटो काढायचे आणि प्रत्येकासमोर इंग्रजी फॉर्म धरायचा? त्यामुळे पळवाटा निघाल्या. पाठमोरे फोटो काढा. सूर्यास्ताला काढा म्हणजे नुसती सावली दिसते. नाहीतर फक्त हात काढा. स्टॉक साइटवर भारतातल्या शेतकऱ्यांचे इतके पाठमोरे फोटो आहेत की परग्रहावरचा माणूस म्हणेल, या देशात शेतकऱ्यांना पुढची बाजूच नसते.

मीही हातांचेच फोटो काढतो. केळापूर तालुक्यातल्या एका शेतात काढलेला एक माझा आवडता आहे. वयस्कर बाईचे दोन हात, बोंडातून कापूस ओढतायत, बोंडाच्या टोकांनी बोटं ओरखडलेली, आणि मनगटापासून कोपरापर्यंत जुनं हिरवट गोंदण. चेहरा नाही, लोगो नाही, फोकस बरोबर गोंदणावर. तो परत आला. कारण: मॉडेल रिलीज. गोंदणावरून व्यक्ती ओळखता येते.

मला हा रिव्ह्यूअर पहिल्यांदा आवडला. कुठेतरी जगाच्या पाठीवर बसलेल्या माणसाने (किंवा मशीनने, काय असेल ते) बरोबर तेच पाहिलं जे त्या गावात कोणीही पाहिलं असतं. त्या बाईला चेहऱ्याशिवाय ओळखायला गावात कोणाला अडचण आली नसती. बाकी सगळे शेरे फोटोबद्दल असतात: धान्य, रंग, फोकस, खप. हा एकच शेरा फोटोतल्या माणसाबद्दल आहे. आणि आपण नेमक्या त्यालाच कटकट म्हणतो.

म्हणून पुढच्या खेपेला फॉर्मची प्रिंट घेऊन गेलो. आजी ओळखीच्याच, आमच्या मावशीच्या शेतावर दरवर्षी वेचायला येतात. कमरेला ओटी बांधलेली, त्यात निम्मा कापूस. मी फॉर्म काढला आणि सही येत नसेल तर अंगठा चालेल म्हणालो.

"कायचा कागद आहे रे बाबू?"

"आजी, तुमच्या हाताचा फोटो काढला होता ना, तो विकायला ठेवायचा तर तुमची परवानगी लागते."

"मी दिसूनच रायली ना फोटोत. मंग अंगठा कायले पाह्यजे?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही, कारण प्रश्न बिनतोड होता. तिच्या हिशेबाने तिने काढू दिला म्हणजे परवानगी झालीच. अंगठ्याचा संबंध फोटोशी नाहीच. यवतमाळ जिल्ह्यात अंगठा कशाला लागतो हे तिच्या वयाच्या माणसाला मी सांगायला नको. पीककर्जाला लागतो. सावकाराकडे लागतो, जिथे गहाण म्हणून दिलेला अंगठा पुढे खरेदीखत होऊन बाहेर आल्याच्या कहाण्या प्रत्येक गावात आहेत. अंगठा म्हणजे काहीतरी हातचं जाणार.

आणि तिचं बरोबरच होतं! फॉर्म तेच म्हणत होता. इंग्रजीतला तो एक पानी कागद सोप्या मराठीत सांगायचा तर असा: मला मोबदला पोचला आहे. हा फोटो जगात कुठेही, कुठल्याही कामासाठी, आज असलेल्या किंवा पुढे निघणाऱ्या कुठल्याही माध्यमात, बदल करून किंवा न करता, कायमचा वापरायला माझी हरकत नाही. ही परवानगी मला मागे घेता येणार नाही. मी हे शेवटचं वाक्य तिला सांगितलं, "एकदा दिलं की परत मागता येणार नाही." ती म्हणाली, "मंग नोको." आणि वेचायला लागली.

आपण 'आय ॲग्री'वर टिचकी मारणारी माणसं. चाळीस पानी करार न वाचता स्वीकारायची आपल्याला इतकी सवय आहे की संमती म्हणजे एक बटण, एवढंच आपल्या डोक्यात उरलंय. 1872 चा आपला करार कायदा मात्र फार साध्या शब्दांत सांगतो की दोन माणसं एकाच गोष्टीला एकाच अर्थाने राजी झाली तर ती संमती. मला ठाऊक आहे की हा हात उद्या कीटकनाशकाच्या जाहिरातीत जाऊ शकतो, हँड क्रीमच्या 'आधी' या चौकटीत जाऊ शकतो, एखाद्या पक्षाच्या होर्डिंगवर जाऊ शकतो. तिच्या डोळ्यासमोर यातलं काय असतं? भिंतीवर लावलेला फोटो. एकच कागद, दोन अर्थ. अंगठा उठवून घेतला असता तर साइटने तो डोळे झाकून पास केला असता.

हे मी उगाच भीती घालायला सांगत नाहीये. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. गिरीश कुलकर्णी आणि न्या. अद्वैत सेठना यांच्यासमोर एका महिलेची याचिका आली. तिच्या म्हणण्यानुसार एका स्थानिक फोटोग्राफरने तिचा फोटो काढला आणि तिला न विचारता शटरस्टॉकवर टाकला. तिथून तो महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा, ओडिशा या राज्यांच्या सरकारी जाहिरातींत, केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाच्या संकेतस्थळावर, काँग्रेस पक्षाच्या प्रचारात पोचला. न्यायालयाने या सगळ्यांना आणि शटरस्टॉकला नोटिसा काढल्या, आणि बाईला पत्ता नसताना तिच्या फोटोचा व्यावसायिक वापर झाल्याचं सकृद्दर्शनी दिसतं, अशा अर्थाचं मत नोंदवलं. म्हणजे बघा, चार राज्य सरकारं, एक केंद्रीय मंत्रालय आणि एक पक्ष, पण कोणीही एकदा विचारलं नाही की ही बाई कोण? विचारायचं कारणच नव्हतं. स्टॉक फोटो घ्यायचा तोच मुळी हा प्रश्न पडू नये म्हणून.

त्याआधी, जुलै 2024 मध्ये, मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेच्या जाहिरातीत शिरूर तालुक्यातल्या एका कुटुंबाला आपला माणूस दिसला. तो तीन वर्षं बेपत्ता होता. घरचे शोधतायत आणि तो जाहिरातीत.

परदेशातलंही एक जुनं उदाहरण आहे, आणि आपल्या लायसन्सवाल्या डोक्यांना ते लगेच कळेल. 2007 मध्ये व्हर्जिन मोबाइलने ऑस्ट्रेलियात जाहिरातीसाठी फ्लिकरवरून फोटो उचलले. एक फोटो अमेरिकेतल्या टेक्ससच्या शाळकरी मुलीचा होता. फोटोग्राफरने क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स लावलेलं, त्यात व्यावसायिक वापराला मुभा. म्हणजे कॉपीराइटच्या बाजूने सगळं चोख! फक्त लायसन्स फोटो काढणाऱ्याने दिलं होतं, फोटोतल्या मुलीने नाही. कुटुंबाने खटला भरला, तो 2009 मध्ये टेक्ससच्या न्यायालयाला अधिकारक्षेत्र नाही म्हणून निकालात निघाला. आपल्या देशात 1994 च्या राजगोपाल खटल्यातच सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की संमतीशिवाय एखाद्याचं नाव किंवा चेहरा जाहिरातीला वापरणं हा त्याच्या खासगीपणाचा भंग. कायदा आहे हो. कायद्याचा रस्ता पांढरकवड्याहून लांब आहे, एवढंच.

यावर मला हमखास ऐकवलं जाणारं वाक्य: मग काय, गरिबांचे फोटोच काढायचे नाहीत का? काढायचे की! 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. डोळ्यांवर पट्ट्या बांधून खाटांवर बसलेल्या त्या माणसांचे फोटो छापून आले नसते तर मुंबईला जाग आली नसती. तिथे फॉर्म मागत बसणं हा मूर्खपणा झाला असता, आणि कुठलाही कायदा तो मागत नाही. बातमीचा फोटो घटनेला बांधलेला असतो. त्याला गाव असतं, तारीख असते, बहुतेकदा नाव असतं.

नाव असण्याने केवढा फरक पडतो याचंही उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. जळका गावच्या कलावती बांदूरकर. 22 जुलै 2008 ला राहुल गांधींनी लोकसभेत विश्वासदर्शक ठरावावर बोलताना त्यांचं नाव घेतलं आणि एका रात्रीत तो चेहरा देशभर गेला. पंधरा वर्षांनी, ऑगस्ट 2023 मध्ये, अमित शहांनी अविश्वास ठरावावरच्या भाषणात पुन्हा त्यांचा दाखला दिला, उलट्या बाजूने. कोण खरं कोण खोटं हा आजचा विषय नाही. मुद्दा हा की पत्रकार जळक्याला गेले आणि बाईंनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं की शहा म्हणतात तसं नाही. नाव होतं म्हणून लोक त्यांना जाऊन विचारू शकले आणि त्यांना उत्तर देता आलं. स्टॉक फोटोतल्या बाईला नाव नसतं. तिला कीवर्ड असतात.

आणि कीवर्ड कोण लिहितं? मी लिहितो. पन्नासपर्यंत लिहिता येतात. 'हात, कापूस, शेती, भारत' एवढ्याने फोटो सापडत नाही, म्हणून माणूस हळूहळू भरत जातो: गरिबी, कष्ट, दुष्काळ, कर्ज, आत्महत्या. आजींनी कर्ज काढलंय का हे मी त्यांना कधी विचारलेलं नाही. तरी सर्चमध्ये त्या कर्जाखाली सापडल्या असत्या. हे पन्नास शब्द रिलीजवर कुठेही छापलेले नसतात.

काही मित्र म्हणतात, पैसे देऊन टाक, विषय संपव. बरं, हिशेब करू. शटरस्टॉकने जून 2020 पासून फोटोग्राफरला दर डाउनलोडमागे किमान 10 सेंट ठरवले, म्हणजे आठ-नऊ रुपये. आमच्याकडे गेल्या हंगामात वेचणीचा दर किलोला दहाच्या आसपास होता. म्हणजे एक डाउनलोड बरोबर एक किलोपेक्षा थोडा कमीच कापूस. शंभर डाउनलोड झाले (माझे होत नाहीत) आणि सगळे तिला दिले तरी तिची दोन-तीन दिवसांची मजुरी. एवढ्यात 'कायमचं, कुठेही, कशासाठीही' विकत घ्यायचं? शिवाय 'पुढे निघणारं माध्यम' म्हणजे काय हे फॉर्म लिहिणाऱ्यालाही तेव्हा माहीत नव्हतं. 2023 मध्ये शटरस्टॉकने ओपनएआयशी प्रशिक्षणासाठी डेटा देण्याचा सहा वर्षांचा करार केला. 2010 साली सही दिलेल्या माणसाने यंत्राला चेहरे शिकवायला आपला चेहरा दिला, हे त्याला कोण सांगणार?

मला स्वतःला यातला सगळ्यात आशादायक भाग आपल्याच कायद्यात सापडला. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, ज्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीच्या मुख्य तरतुदींना त्यापुढे दीड वर्षाची मुदत दिली. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऑफिसात त्याची ट्रेनिंग झोपेत केली असेल. त्यात दोन गोष्टी आहेत: संमती मागताना ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय द्यायची, आणि दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. आजींच्या 'मंग नोको'ला कायद्याच्या भाषेत याहून जवळचं काही मी वाचलेलं नाही. 'मागे घेता येणार नाही' हे वाक्य स्टॉकच्या सगळ्या इमारतीचा पाया आहे, कारण विकलेला फोटो परत कसा आणणार? अडचण खरी आहे. पण ती धंद्याची अडचण आहे. तिचं ओझं वेचणाऱ्या बाईच्या अंगठ्यावर का?

मी सध्या काय करतो ते सांगतो. ओळखू येणारी माणसं फक्त एडिटोरियलमध्ये, खरं गाव आणि खरी तारीख घालून; कीवर्डमध्ये जे फोटोत दिसतं तेवढंच. फोटोतल्या माणसाला प्रिंट, न विसरता. जाहिरातीसाठी पुण्यातले मित्र आहेतच, लॅपटॉपसमोर हसायला एका बिर्याणीत तयार होतात आणि आपण कशावर सही करतोय ते त्यांना पूर्ण कळतं. यात माझं उत्पन्न बुडतं असं म्हणायला आधी उत्पन्न असावं लागतं :-)

आणि एक मराठी फॉर्म लिहायला घेतलाय. एक पान, मोठा टाइप, 'हा फोटो कुठे कुठे जाऊ शकतो' याची वाईटातली वाईट उदाहरणं वर, परवानगीचं वाक्य खाली, एक प्रत त्या माणसाकडे. साइट तो स्वीकारेल अशी अपेक्षा नाही, पण ज्याला हे वाचून दाखवल्यावर माणूस 'नोको' म्हणेल तो फोटो मला तिथे टाकायचाच नाही. सगळं जमलंय, एका जागी अडलंय: साक्षीदार. फोटोग्राफर सोडून तिसरा प्रौढ माणूस हवा. शेतावर असा तिसरा माणूस म्हणजे शेतमालक, आणि त्याच्या तोंडावर मजुराने नाही कसं म्हणायचं? साक्षीदार तिच्या बाजूचा पाहिजे, वाचता येणारा. आजींच्या घरात तो एकच आहे, नात. ती दहावीला आहे, म्हणजे अठरा पूर्ण व्हायला अजून तीन वर्षं.